शाळेच्या फाटकासमोरचे ट्रेलर

आमच्या कंपनीनं आम्हा मॅनेजर मंडळींना सामाजिक जबाबदारीचं तीन दिवसांचं ट्रेनिंग दिलं. मी चाकणच्या प्लँटमध्ये डिस्पॅच बघतो, म्हणजे दिवसभर ट्रेलरवाल्यांवर ओरडतो. संध्याकाळी पिंपरीला घरी गेलो की माझ्यावर ओरडतात. तेव्हा समाज मला नवीन नव्हता; पण ट्रेनरच्या मते मी अजून त्याला भेटलेलोच नव्हतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी हातात फॉर्म देऊन आम्हाला कंपनीमागच्या गावातल्या शाळेत धाडलं. गावाची गरज विचारून लिहून आणायची. मी वर्गात पाऊल टाकलं आणि पोरं एका सुरात ओरडली, "थँक्यू सर!" अजून मी काही दिलंच नव्हतं.

मुख्याध्यापक बाईंना आमच्यासारख्यांची सवय होती. "फोटो आधी काढायचा की भाषण आधी?"

"फोटो नको बाई. गरज सांगा. दप्तरं?"

"एकेकाकडं तीन-तीन आहेत."

"झाडं?"

त्यांनी मला शाळेमागं नेलं. तिथं सिमेंटच्या वीसेक मोठ्या कुंड्या पडल्या होत्या. प्रत्येकीवर कुठल्या ना कुठल्या कंपनीचं नाव, आत वाळकं गवत.

"साहेब, काही देऊ नका. फाटकासमोर ते ट्रेलर लागतात ना, तेवढे काढा. पोरं दोन ट्रेलरच्या मधून रस्त्यावर येतात. त्यांना येणारी गाडी दिसत नाही, गाडीवाल्याला ती दिसत नाहीत. परवा पहिलीतली मुलगी थोडक्यात वाचली."

"कुणाचे आहेत?" मी साहेबी आवाज लावला.

बाईंनी नुसतं बोट दाखवलं. पहिल्या ट्रेलरचा ड्रायव्हर मला ओळखून सलाम करत होता.

संध्याकाळी ट्रेनरला सगळं सांगितलं. तो हसून म्हणाला, "सर, हे सामाजिक जबाबदारीत बसत नाही. स्वतःच्या गाड्या हलवणं म्हणजे रोजचं कामकाज झालं." फॉर्मवरही तसा रकाना नव्हता. तीन दिवस माणूस जबाबदारी शिकतो आणि जबाबदारीला रकानाच नाही!

चिडून मी गाड्या आतल्या यार्डात घेतल्या. यार्ड तुंबलं, वरच्यांच्या शिव्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी बाईंचा फोन. "साहेब, तुमचे गेले. आता शेजारच्या कंपनीचे लागतात."

आता त्यांच्या ट्रेनिंगची वाट बघत बसायचं? शनिवारी लोडिंगची चार माणसं घेऊन गेलो आणि त्या कुंड्या लोळवत नेऊन फाटकाच्या दोन्ही अंगांना रस्त्याकडेला रांगेनं मांडल्या. ट्रेलर लावायला जागाच उरली नाही. बाईंनी त्यांत सदाफुलीही लावली. बाईंनी कंपनीला पाठवलेला त्याचा फोटो पाहून ट्रेनरनं मला ट्रेनिंगच्या स्पर्धेत पर्यावरण गटाचं पहिलं बक्षीस दिलं. बक्षीस काय, तर कुंडी.

"अहो, गॅलरीतली एक वाळवलीत, ती पुरली नाही का?" बायको म्हणाली.

परवा शाळा सुटायच्या वेळी मुद्दाम तिकडून गेलो. पोरं कुंड्यांपाशी थांबली, दोन्हीकडं बघितलं आणि रस्ता ओलांडून घराकडं पळाली. मी दोनदा खाकरलो. एकानंही वळून बघितलं नाही. थँक्यू तर लांबच.