महादेवीची मराठी गेली तेव्हा

उदगीरच्या डेपोत ईश्वरप्पांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, बहुतेक देगलूर लाइनवर. निवृत्त झाले तेव्हा घरात दोघंच उरले होते, ते आणि बायको महादेवी. मुलगी मंजुश्री हैदराबादला, तिच्या संसारात.

महादेवी भालकीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. सासूनं चुलीपुढं बसवून मीठ-पीठ, ये-जा असं एकेक शिकवलं. दोन वर्षांत ती अशी बोलायला लागली की गल्लीत भांडण झालं की बाया तिलाच मधे घालायच्या. ईश्वरप्पांनी मात्र कन्नड शिकायची तसदी घेतली नाही. गाडीवर लागेल तेवढं यायचं. बा, होगु, नीरु; म्हणजे ये, जा, पाणी. बायको मराठी बोलते म्हटल्यावर गरज काय होती?

आधी ती भाजीत दोनदा मीठ घालायला लागली. मग घरात न्हाणी कुठं आहे ते शोधायला लागली. लातूरच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला आणि म्हणाले, "उशिरा शिकलेलं आधी जातं. लहानपणचं टिकतं."

त्याचा अर्थ ईश्वरप्पांना वर्षभरानं कळला. महादेवीची मराठी गेली. एकदम नाही, आज एक शब्द, उद्या दोन. शेवटी ती नुसती कन्नड बोलायला लागली. तासभर काहीतरी सांगायची, मधेच हसायची आणि उत्तरासाठी त्यांच्या तोंडाकडं बघत थांबायची. ईश्वरप्पा मान हलवायचे. चुकीच्या ठिकाणी हलली की ती रडायची.

गल्ली त्याच्या आधीच तुटली होती. मराठी थोडीफार शिल्लक असताना महादेवीनं शेजारच्या सरस्वतीबाईंना भर रस्त्यात चोर म्हटलं होतं. माझी बोरमाळ हिनंच नेली म्हणून ओरडली होती. माळ नंतर ज्वारीच्या डब्यात सापडली. ईश्वरप्पा माफी मागायला गेले.

"तिचं डोकं ठिकाणावर न्हाई, ते कळतंय की मला," सरस्वतीबाई म्हणाल्या. "पर समद्यांपुढं बोलली ओ ती. तीस वर्षं एका ताटात खाल्लं आमी."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. हळूहळू कोणीच येईना. मंजुश्री रोज फोन करायची. "जेवलात का बाबा?" "हाव." "आई?" "ती बी जेवली." तेवढ्यावर फोन संपायचा.

ईश्वरप्पा स्वयंपाक शिकले. लुगडं नेसवायला शिकले. पहिल्या दिवशी निऱ्या खोवताना त्यांना घाम फुटला होता. वेणी मात्र कधीच जमली नाही, नुसती गाठ मारायचे. दूध आणायला जाताना बाहेरून कुलूप लावायचे. गल्लीच्या टोकापर्यंत आतून दार वाजवल्याचा आवाज यायचा. ते मागं न बघता चालायचे.

गेल्या श्रावणात एका सोमवारी ते तिला महादेवाच्या देवळात घेऊन गेले. परतताना बसस्टँडच्या रस्त्यावर तिनं एकाएकी हात हिसडला आणि किंचाळायला लागली. लोक जमले. एकानं ईश्वरप्पांची कॉलर धरली.

"म्हातारीला कुठं ओढून राहिलास रे?"

"बायको हाय माझी."

"मग ती बोंबलून का राहिली?"

ती काय ओरडते आहे तेच त्यांना कळत नव्हतं. त्यांनी गर्दीत ओळखीचं तोंड शोधलं. इतकी वर्षं याच रस्त्यानं गाडी काढली, पण एकही दिसेना. आणि महादेवी त्यांच्याकडं अशी बघत होती की कॉलर धरणाऱ्याचंच खरं वाटावं.

तेवढ्यात एक बाई गर्दीतून पुढं आली. अंजू तिचं नाव, जवळच्या दवाखान्यात नर्स. माहेर तिचंही भालकीकडचंच. तिनं महादेवीचे दोन्ही हात धरले आणि कन्नडमधे बोलायला लागली. महादेवी हुंदके देत सांगत राहिली.

अंजू लोकांकडं वळली. "ती म्हणून राहिली, ह्या माणसानं मला अव्वापासून पळवून आणलं. अव्वा म्हणजे आई. हिचं वय बगा, आन् हिची आई कितीची असंल ते सांगा. आजारी हाय ती. सोडा मामांना."

लोक पांगले. अंजू त्यांना घरापर्यंत सोडायला आली. दाराचं कुलूप तिनं बघितलं. जाताना म्हणाली, "मामा, शुक्रवारी अकराला मठाच्या हॉलमधे या. घरात असा पेशंट असणारे आमी बसतो. माझ्या सासूला हेच होतं."

"हिला कुठं ठेवू?"

"संगं आणा की."

शुक्रवारी हॉलमधे सतरंजीवर सहा माणसं होती. भाषण नाही, पाहुणे नाहीत. शेषेराव नावाचे एक मास्तर वडलांना सांभाळत होते. खाली बघत ते म्हणाले, "काल मी अण्णांवर हात उचलला." एकानं पाण्याचा तांब्या सरकवला.

मग ईश्वरप्पांच्या तोंडून निघून गेलं, "मी कुलूप लावतो. ती दार वाजवत ऱ्हाती. मी ऐकत ऐकत जातो."

हे त्यांनी मंजुश्रीलाही सांगितलं नव्हतं.

महादेवी अंजूशी बोलत होती. अंजू मधून मधून ईश्वरप्पांना सांगत होती: गावची विहीर, धाकटी बहीण, चिंचेचा झोका. "आन् तुमी कोण, ते विचारून राहिल्या. नवरा म्हणू नका मामा, घाबरतात. त्यांच्या मनात लग्न व्हायचंच हाय अजून."

त्या संध्याकाळी महादेवीनं विचारलं, "यार री नीवु?" तुम्ही कोण?

ईश्वरप्पा म्हणाले, "ड्रायव्हर."

तिनं त्यांना न्याहाळलं. मग बाजेकडं हात केला. "कूडरी." बसा.

ते आपल्याच घरात पाहुण्यासारखे कडेला बसले.

आता दर मंगळवारी बैठकीतलं कोणीतरी दोन तास महादेवीपाशी बसतं. पहिल्या मंगळवारी ईश्वरप्पांना कुठं जावं ते सुचेना. पाय डेपोकडं वळले. बाकावर बसून ते गाड्या बघत राहिले. एका नव्या ड्रायव्हरला देगलूरची गाडी फाटकातून निघता निघेना, पुढं-मागं, पुढं-मागं, शेवटी कंडक्टरच उतरून रस्ता मोकळा करायला लागला. ईश्वरप्पांना हसू आलं. घरी गेल्यावर सांगायला गंमत मिळाली, असं वाटलं. इतकी वर्षं डेपोतली गंमत त्यांनी एकाच माणसाला सांगितली होती. ते उठून घराकडं निघाले. दोन तास व्हायला अजून बराच वेळ होता.

महादेवी आता फारशी चालत नाही, बोलतेही कमी. दाराचं कुलूप निघालं. सरस्वतीबाई अजून आल्या नाहीत. दारावरून जाताना त्यांची पावलं सावकाश होतात, एवढंच.

दिवाळीनंतर शेषेरावांचे वडील गेले. तरी ते शुक्रवारी येतात. "घरी करमत न्हाई," म्हणतात. ईश्वरप्पा सतरंजीवर थोडं सरकून त्यांना जागा करून देतात.