फणी कशीही मोडा

मुरलीधर नानांची आणि माझी पहिली भेट असोद्याला, त्यांच्या मळ्यातल्या भरीत पार्टीत झाली. मी जळगावच्या महाविद्यालयात गणित शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. नाना विभागप्रमुख होते. नव्या अध्यापकाने त्यांच्याशी केळ्यांच्या फणीचा डाव खेळायचा, अशी विभागाची रीत होती. सगळी केळी सुटी होईपर्यंत आळीपाळीने एकेक तुकडा मोडून त्याचे दोन करायचे. शेवटची मोड ज्याची, तो जिंकला. हरेल त्याने भाजलेली गरम वांगी सोलायची. नाना फणीवर एक नजर टाकीत आणि कधी "तुम्ही आधी", तर कधी "मी आधी" म्हणत. मी आपला दिवसभर बोटे फुंकत बसलो!

शेवटी त्यांनाच दया आली. "अहो, प्रत्येक मोडीला एकच तुकडा वाढतो. फणी कशीही मोडा, मोडी तेवढ्याच. मग केळी सम की विषम एवढं पाहिलं, की जिंकायचं कुणी, हे आधीच ठरलेलं." कितीही फेरफार केले तरी न बदलणारी, ती अविकारी राशी मी पदवीसाठी पाठ केली होती, कळली ती वांगी सोलताना.

पुढे महाविद्यालयात संगणक आला आणि नाना प्रोग्राम लिहायला शिकवू लागले. "एवढ्या उलथापालथीत काय बदलत नाही, ते आधी सांगा," हा नानांचा प्रश्न विद्यार्थ्यांच्या स्वप्नात येई म्हणतात. विज्ञानाबद्दलही त्यांचे हेच म्हणणे. प्रयोग धुळ्यात करा की जळगावात, नियम तोच निघाला पाहिजे. माणूस आणि गाव पाहून बदलतो तो नियम कसला?

त्यांचे हे म्हणणे एका प्रात्यक्षिक परीक्षेत कसाला लागले. धुळ्याकडच्या खेड्यातली प्रमिला आमची विद्यार्थिनी. नापास झालीस तर शिक्षण बंद आणि लग्न, असे वडिलांनी तिला बजावले होते. आकडे चढत्या क्रमाने लावणारा तिचा प्रोग्राम सुरू झाला आणि वीज गेली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "उत्तर छापून आलं नाही, गुण नाहीत."

नाना म्हणाले, "न चालवताही तो बरोबर आहे का, हे सांगता येतं. विचारा तिला, प्रत्येक फेरीत काय बदलत नाही?" घाबरलेल्या प्रमिलाच्या तोंडून घरचीच बोली निघाली. "सर, बठ्ठा आकडा तठेच शेतस!" मग सावरून तिने सांगितले की सगळे आकडे तिथेच असतात, एकही हरवत नाही, पुढे क्रमाने लागलेले लागलेलेच राहतात आणि दर फेरीला त्यांत एकाची भर पडते. परीक्षकांनी मुकाट्याने गुण दिले.

"आता हाच प्रश्न सगळ्यांना," नाना म्हणाले. वीज जाण्याआधीच उत्तर छापून घेतलेला एक विद्यार्थी निर्धास्त बसला होता, तो सुधीर. नानांचा सख्खा पुतण्या, त्यांच्याच घरी राहणारा. परीक्षक म्हणाले, "याचं काम झालंय, राहू द्या." नाना म्हणाले, "प्रश्न तोच राहील." सुधीरने प्रोग्राम घोकला होता, त्याला काही सांगता येईना. तो नापास झाला. घरी वहिनींनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, बरेच दिवस अबोला धरला. नानांना ते लागले, हे मी पाहिले आहे. पण त्यांनी निकाल बदलला नाही. सुधीर पुन्हा परीक्षेला बसला आणि त्या वेळी नीट समजून उत्तीर्ण झाला.

नानांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. वय वाढो, केस पिकोत, प्रकृती मात्र अशीच ठणठणीत राहो आणि मळ्यात अजून पुष्कळ फण्या मोडल्या जावोत. वरचा प्रसंग मी आधी गाळला होता. नानांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी लेख परत पाठवला आणि बजावले, "सर, मी नापास झालो ते लिहा. काकांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे त्याहून मोठं काही नाही."

संपादक सुधीरच आहेत.