उशाखालचा विळा

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलं ते वालाच्या शेंगा सोलायचं काम. सांडोरच्या घरी, पडवीत बसून. त्याच संध्याकाळी बायकोच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

आत मुलगी होती, पहिल्या बाळंतपणाला आलेली. बाळाला जवळ घेईना, केस विंचरीना, भिंतीकडे तोंड करून पडायची. आमच्यात बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात, बाहेरचं काही जवळ येऊ नये म्हणून. तो ती रोज काढून मोरीत नेऊन टाकायची. माझी बहीण मदतीच्या नावाखाली येऊन राहिलेली. तिने आळीभर केलं, पोरीच्या अंगात काहीतरी शिरलंय, लोखंड सोसत नाही. बहिणीचं बोलणं मला कधी खरं वाटलं नाही, पण मोरीतला विळा मीही पाहिला होता.

शेंगा सोलताना बायकोला म्हटलं, "काहीतरी आहे हिच्यात."

"भीती आहे. विळा जवळ असला की आपल्याच हातून बाळाला काही होईल असं तिच्या मनात येतं. काल रडत सांगितलं मला."

"आईच्या मनात असलं येतं होय?"

"थोरल्याच्या बाळंतपणात त्याला घेऊन मी विहिरीवर का जात नव्हते? तुम्ही आळशी म्हणायचात. उद्या तिला वसईच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू. आणि किडक्या शेंगा माझ्या सुपात टाकू नका."

स्मशानातून परत आलो तर बहीण दारातच उभी.

"दादा, पोरीच्या अंगात शिरलंय त्यानेच तिच्या आईला खाल्लं हो! बाळ सासरी धाडून दे, हिला कामणच्या भगताकडे नेऊ. मी निरोप दिलाय."

एवढ्यात निरोप गेलाही? हिने आधीच ठरवलेलं असणार.

सकाळी रिक्षा बोलावली. मुलीला आणि बाळाला बसवलं.

बहीण आडवी आली, "सुतकात दवाखाना? लोक काय म्हणतील?"

"सांग, म्हातारंही झपाटलंय."

डॉक्टरीणबाईंवरही माझा भरवसा नव्हता. गोळ्या देऊन पोरीला वेडी ठरवतील, मग सासरचे टाकून देतील, हेच डोक्यात. बाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही बाहेर बसा." मी जागचा हललो नाही.

तेव्हा मुलगीच बोलली, "बसा ना बाहेर, बाबा. मला यांना सांगायचंय."

मी नातवाला उचललं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.