सहावा पाय

पहिल्याच भेटीत धोंडे सरांनी माझ्या चित्रातल्या माशीचा एक पाय खोडून टाकला. सहा काढले होते मी, माशीला असतात तितके. "बाई, सहावा तुम्हाला दिसला?" त्यांनी विचारलं. तो खड्यातल्या हवेच्या बुडबुड्याआड होता, पण असणारच ना, असं मी म्हणाले. "असेल. दिसतं तेवढंच काढा." असा संताप आला मला! हैदराबादच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाची चित्रकार म्हणून मी नुकतीच लागले होते, आणि हे परभणीकडचे मास्तर मला माशीचे पाय शिकवत होते.

ती माशी कहरुब्यात अडकलेली होती. कहरुबा म्हणजे जमिनीत कोट्यवधी वर्षं पडून दगड झालेला झाडाचा चीक. नामपल्लीत सरांच्या शेजारचे हकीमसाहेब तो कुटून औषधात घालत. ब्रह्मदेशाहून आलेल्या एका खड्यात त्यांना किडा दिसला, तेव्हा खलात न टाकता तो त्यांनी सरांना देऊन टाकला. किडा म्हणजे तांदळाच्या कणीएवढी गांधीलमाशी, दुसऱ्या किड्याच्या अंगात अंडी घालणाऱ्यांपैकी. तिच्या पंखांतल्या शिरांची ठेवण माहीत असलेल्या कुठल्याच प्रजातीशी जुळेना. नवी जात सापडणं निराळं, अनेक जाती पोटात घेणारी अख्खी नवी प्रजाती म्हणजे माणसाच्या जन्माचं काम. मी घाई केली की सर भिंगावरचा डोळा न काढता म्हणायचे, "हल्लू, बाई, हल्लू."

त्यातच हैदराबादचं राज्य मोडायचं ठरलं. मराठी मुलूख एकीकडे, कानडी दुसरीकडे, तेलुगू इथेच. विभागात कपाटांवरून भांडणं लागली, कालपर्यंत एका डब्यात जेवणारे एकमेकांशी तुटक बोलू लागले. सरांच्या हातात औरंगाबादच्या बदलीचा हुकूम पडला. तिथे असलं सूक्ष्मदर्शक नव्हतं. निघण्याआधी लेख झाला तर झाला, नाहीतर माशी तशीच बिननावाची राहणार.

लेख टाइप होऊन पाकिटात गेला त्या दुपारी सर पुन्हा खडा घेऊन बसले. मग म्हणाले, हा खडा कहरुबाच आहे हे आपण कशावरून धरलं? हकीमसाहेबांनी तो लोकरीवर घासून गवताची काडी उचलून दाखवली होती. त्यांच्या धंद्यातली पारख तीच, आणि आम्हीही माना डोलावल्या होत्या. पण अलीकडची राळ, म्हणजे अजून दगड न झालेला चीक, तीसुद्धा घासली की काडी उचलते, हे सरांच्या आत्ता ध्यानात आलं होतं. राळेवर स्पिरिट टाकलं की ती चिकट होते. तशी झाली तर माशी पुराणी नव्हे आणि सगळा लेख रद्दी.

"जाऊ द्या ना सर," मी काकुळतीला आले. "कोण विचारणार आहे?"

"मी विचारतोय."

त्यांनी खड्याच्या कोपऱ्यावर स्पिरिटचा थेंब सोडला. तो उडेपर्यंत दोघंही हललो नाही. मग त्यांनी खडा माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही लावा बोट. माझं बोट आता माझ्याच बाजूनं बोलेल."

मी बोट दाबलं. ते सहज सुटलं. कोरडं आहे, मी म्हणाले, तर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा कोरडं. तेव्हा कुठे सर स्टुलावर बसले. मला उगीचच रडू येत होतं.

लेख गेला, छापून आला, प्रजाती मान्य झाली. खडा मात्र सर इथेच ठेवून गेले. आपल्याला खोटं पाडायला कुणी आलं तर त्याला तो सापडला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. नामपल्ली स्टेशनवर मी त्यांना गाडीत बसवलं.

निवृत्त झाल्यावर ते एकदा नल्लकुंट्याला माझ्या घरी आले. नजर पार गेली होती, तरी खडा बघायला जायचं म्हणाले. विभागात मी तो भिंगाखाली लावला. सरांनी डोळा टेकवला, मग बाजूला झाले. "मला धुकंच दिसतं. तुम्ही सांगा."

इतक्या वेळा काढलेली माशी मला तोंडपाठ होती. पंख सांगितले, शिरा सांगितल्या, मिशा, सहा पाय...

"हल्लू, बाई," सर म्हणाले. "सहावा दिसला?"

मी पुन्हा भिंगाला डोळा लावला.

"नाही सर. पाचच."