कच्च्या फाइलीतला काळोख

कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइलींचे साधे फोटो करायला लावले की माझा जुना कॉम्प्युटर धापा टाकतो आणि मी त्याच्यासमोर बसून पेंगते. बोरिवलीची दुपार, पडद्यातून गाळून आलेलं ऊन, वर पंख्याची कुरकुर, आणि स्क्रीनवर एकेक मळकट चेहरा सावकाश रंगात येत असतो. लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्या बाईला बसल्या जागी एवढी स्वप्नं पडतात, अजून काय पाहिजे!

लोकांना कच्ची फाइल म्हणजे काय हे समजावताना मात्र माझं डोकं उठतं. अरे, जेपेग, म्हणजे आपला नेहमीचा तयार फोटो, हा शिजलेला भात. आता त्याचं काय वेगळं करणार? कच्च्या फाइलीत तांदूळ तसाच्या तसा असतो. नुसता काळा दिसणारा अंधारसुद्धा तिथे पूर्ण काळा नसतो.

मढच्या कोळीवाड्यात एका मुलीच्या हळदीला मी फोटो काढले होते. अंगणात रणरणतं ऊन, नवरी पाटावर, बायका गाणी म्हणत तिला हळद लावताहेत. तिची आई मात्र घरात, दाराच्या आत उभी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. विधवेनं हळदीत पुढे यायचं नाही, हे तिचं तिनंच धरून ठेवलेलं. मुलीनं हात जोडले, भांडली, तरी हलली नाही. मी पण म्हटलं, मावशी, या ना बाहेर, एक फोटो. तिनं नुसता हात हलवला. मला असला राग आला म्हणून सांगू!

वर्षभरात ती आई अचानक गेली. मुलगी माझ्या घरी आली ती रडून डोळे सुजवूनच. हळदीच्या दिवसाचा आईचा एकही फोटो नव्हता. पण मुलीच्या एका फोटोत पाठीमागे ते दार होतं, आत काळंकुट्ट. आई तिथेच उभी होती, काहीतरी कर ताई, मुलगी म्हणाली.

जेपेगमध्ये उजेड वाढवून बघितला. नुसता चिखल झाला. कच्ची फाइल हवी होती, आणि अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात दिला की आमच्या धंद्यात कच्च्या फाइली उडवून टाकतात. माझ्याच्यानं ते होत नाही, घरचे हसतात मला. जुन्या डिस्का एकामागून एक लावत गेले. तिसरीत सापडली.

अंधार हळूहळू उघडत नेला. आधी भांड्यांची फळी आली, मग भिंतीवरचं कॅलेंडर, मग एक हिरवट साडी. पाण्याच्या तळाशी बघत असल्यासारखं वाटत होतं. मग आईचा चेहरा वर आला. तिची नजर बाहेर लेकीवर होती. डाव्या हातात हळदीची वाटी, आणि उजव्या हाताची बोटं स्वतःच्याच गालावर.

लेकीची हळद तिनं आत उभं राहून, एकटीनं, स्वतःला लावून घेतली होती.

मुलगी स्क्रीनजवळ सरकली. मग म्हणाली, "मी आत गेले तेव्हा ती तोंड धूत होती गं ताई. मी ओरडले तिच्यावर. पाहुणे खोळंबलेत आणि तुला आत्ताच तोंड धुवायचंय का, म्हणून."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, एवढ्यावर थांबू या, याच्यापुढे उजेड वाढवला तर फोटो फुटेल, सगळीकडे वाळूसारखे दाणे येतील.

"येऊ देत दाणे," ती म्हणाली. "भिंतीवर लावायचाय. तिचा गाल पिवळा दिसला पाहिजे."

मी उजेड वाढवला.