सील लावलेला कंटेनर

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते जेवताना बायकोला वाचून दाखवून हसण्यासाठी. पिंपळ, पांढरी साडी, वळणावरची बाई... आमच्याकडे हा विषय निघाला की मीच सगळ्यांची टर उडवायचो. तेव्हा आज मी लिहितोय म्हटल्यावर मला ओळखणाऱ्यांनी खुशाल हसावं. मी कमी बोलणारा माणूस आहे, म्हणून लिहितोय.

मी राहतो बदलापूरला आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. आम्ही दाराच्या बिजागऱ्या आणि कड्या बनवतो. अंबरनाथला समुद्र नाही, पण आमचं सगळं घड्याळ बंदरावर चालतं. न्हावाशेवाचं गेट किती वाजता बंद होणार, जहाज कधी सुटणार, ट्रेलर शिळफाट्याला अडकला का... खारा वारा सोडला तर बंदरगावातल्या माणसाचं आणि आमचं टेन्शन सारखंच.

आमच्या यार्डात एक तांबडा कुत्रा होता. दिवसभर लोडिंग प्लॅटफॉर्मवर बसून दुसऱ्यांची कामं बघायचा, म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं सुपरवायझर. त्याला सांभाळलं होतं तारामावशींनी. त्या चिखलोलीच्या, यार्ड झाडायला येतात. नवरा नाही, मुलगी दिलेली. दुपारी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी त्याला. पोरं चिडवायची, "मावशी, सुपरवायझरला प्रमोशन कधी?" तर म्हणायच्या, "तुमच्यापरीस जास्त काम करतो तो."

पावसाळ्यात रिकामा कंटेनर लागला की त्याच्या कोरड्या फळीवर जाऊन झोपायची त्याला खोड होती. मावशी हाकलून बाहेर काढायच्या. त्या दिवशी मावशी नव्हत्या, बारवी धरणाकडच्या गावात भाचीच्या बाळाच्या बारशाला गेल्या होत्या. माल भरून झाला, पोरं चहाला गेली, दार उघडं राहिलं. सील लावण्याआधी आत डोकावून बघायचं काम माझं. पाऊस तिरपा येत होता... मी बघितलं नाही. दार लावायला लावलं, सील ठोकलं, नंबर कागदावर चढवला.

ट्रेलर गेटपाशी थांबला. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "साब, अंदर कुछ आवाज आ रहा है."

आवाज मीही ऐकला. पत्र्यावर नखं घासल्यासारखा. आता सील तोडायचं म्हणजे नवा नंबर, सगळे कागद नव्याने, आणि बंदराचं गेट चुकणार.

"पेटी सरकी होगी," मी म्हणालो. "तू निकाल."

दुसऱ्या दिवशी मावशी सगळ्यांना विचारत फिरल्या. मी सांगितलं, नगरपालिकेची गाडी घेऊन गेली. त्या बिचाऱ्या अंबरनाथच्या पालिकेत जाऊन आल्या, बदलापूरच्याही. मी टेबलावर खाली मान घालून काम करत राहिलो.

मग श्रावणात एका दुपारी मावशी हसतच माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, तो आला होता. भाकरी खाल्ली आणि कंपाउंडमागे गेला. "पन अंग कसं झालंय त्याचं! सगलं ताठ नि पांढरं. मिठागरात लोलून आल्यासारका."

मिठागर हा शब्द ऐकला आणि मला न्हावाशेवाकडची मिठागरं आठवली. बंदराबद्दल मी त्यांना अवाक्षर सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर तो येतच राहिला. यायचा तो सगळे कॅन्टीनला गेल्यावर. मला कधी दिसला नाही, पण ठसे मी पाहिले. काळ्या फरशीवर पंजांचे पांढुरके ठसे, कंपाउंडपर्यंत गेलेले. मी वाकून बोट लावलं, जिभेवर ठेवलं. खारट... आमच्या कारखान्यात मीठ फक्त कॅन्टीनच्या बरणीत असतं.

दरम्यान माल परदेशी पोचला. काहीतरी निमित्त काढून मी तिकडच्या माणसाकडून कंटेनर उघडतानाचे फोटो मागवले. सील जसंच्या तसं. पेट्या कोरड्या, रचलेल्या. आत दुसरं काहीही नव्हतं. ना केस, ना घाण, ना... काही नाही. खरं तर मी सुटायला हवं होतं. उलट झोप उडाली. कारण तो आत नव्हताच म्हणावं, तर मी ऐकलं ते काय? आणि आत होता, तर गेला कुठे?

शेवटी सहन होईना. एके दिवशी मावशींना प्लॅटफॉर्मवर बसवून मी सगळं सांगितलं. सील, ड्रायव्हर, पालिकेच्या गाडीची थाप. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "भुकत होता का?"

"नाही. फक्त नखांचा आवाज."

त्यांनी मान हलवली आणि झाडू उचलला. मला वाटलं, चला, मोकळा झालो.

त्या दुपारी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. ठसेही बंद. मावशी भाकरी ठेवतात, कावळे नेतात.

मागच्या आठवड्यात त्या टेबलापाशी आल्या. नजर खाली. "साहेब, कशाला सांगितलात मना? तो येत होता."

मी समोरचं रजिस्टर मिटलं.

"एक कराल? तिथं फलाटावर, त्याच्या जाग्यावर जाऊन एकदा बोला, मी खोटं सांगितलं म्हनून. तो कंटेनरमधी नव्हताच म्हनून. मोठ्यानं बोला, त्याच्या कानावर जाऊ दे."

कोणी म्हणेल, एकट्या बाईच्या मनाचे खेळ. मग माझ्या जिभेवरच्या मिठाचं काय? मला उत्तर सापडलेलं नाही, आणि शोधायचा मला हक्कही उरलेला नाही.

मी गेलो. लोडिंगची पोरं बघत होती. रिकाम्या यार्डाकडे तोंड करून मी मोठ्याने म्हणालो, "मी खोटं बोललो. तू आत नव्हतास."

मावशींनी भाकरी फरशीवर ठेवली आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. आम्ही दोघं पुष्कळ वेळ कंपाउंडकडे बघत होतो.