गजूनं कापलेले नऊ सेकंद

गजू गेल्याचं मला अकोल्याहून वहिनींनी कळवलं. "भाऊ, हे गेले. एडिटिंगच्या मशीनवर बसल्या बसल्या मान टाकली." अमरावतीच्या मंडीत माझा सौदा चालू होता. तो मी पुरा केला आणि मगच बाजूला झालो... तीन वर्षांचा अबोला होता आमचा. माझा राग एका फोननं उतरणारा नव्हता.

शेंदूरजनाघाटला मी संत्र्याच्या पेट्या वाहायचो, तेव्हापासून गजू माझा दोस्त. मी व्यापारी झालो, तो लग्नाच्या फिल्म करू लागला. शूटिंग त्याचं, कापणंही त्याचंच. तो स्क्रीनवरच्या पट्टीवर क्लिप कापत असला की मी शेजारी खुर्ची टाकून घासाघीस करायचो. "साल्यांचा नाच दहा सेकंद ठेव." "तीन." "सात." "पाच घ्या भाऊ, अन् चहा पाजा." कापण्याआधी तो जिभेनं 'टक्' करायचा, त्याशिवाय त्याचा हात चालायचाच नाही. मला भावात हरवणारा तो एकटाच.

माझ्या वैशालीच्या लग्नाच्या फिल्ममधून मात्र त्यानं पाठवणीची मिठीच काढून टाकली. मी हात पुढे करतो आणि एकदम गाडी निघते! मी तडक अकोल्याला गेलो.

"दहा सेकंद तरी दे."

"नाई."

"पाच. बरं, दोन!"

"एकही नाई देत, भाऊ."

"काहून? पोरगी माही हाय!"

"म्हनूनच नाई देत."

मी दार आपटून निघालो. गज्याला माझी बरकत बघवत नाही, असं चारचौघांत सांगत राहिलो.

तेरवीनंतर वहिनींनी मला बोलावलं. वर्षानुवर्षं त्याच्याशेजारी बसून मशीन त्यांनाही येतं. वैशालीच्या लग्नाची फाइल उघडून देऊन त्या खोलीबाहेर गेल्या. सगळ्यात वरच्या पट्टीवर मिठीची ती क्लिप होती, बंद करून ठेवलेली. नऊ सेकंद. त्या दिवशी माझ्या कोटाला गजूनं माइक लावला होता, हे मी विसरलो होतो. क्लिप चालवली... लेकीच्या कानाशी माझाच आवाज. "रडत-बिडत वापस येऊ नोको, समजलं? लोकं हासतीन मले." माझ्या खांद्यावर वैशालीचा चेहरा, एकेका शब्दासरशी विझत जाणारा. आवाज काढून वर सनई टाकता आली असती. तो चेहरा कशानं झाकणार? मग कॅमेऱ्यामागून, अगदी हळू, गजू बोलला. "भाऊ... असं नोका म्हनू."

मी हे बोललो होतो, याची मला आठवणच नव्हती. तीन वर्षांत वैशाली दोनदा आली, दोन्ही वेळा त्याच दिवशी परत गेली. मी तिच्या सासरच्यांना बोल लावत बसलो. गजूनं तेव्हाच मला बसवून हे दाखवायला हवं होतं. मी ऐकून घेतलं असतं का, ते वेगळं. पण हा राग अजून आहे.

त्याच्याच खुर्चीतून वैशालीला फोन लावला.

"काय झालं बाबा? कोनी आजारी हाय का?"

"नाई. तू राहाले ये. रडत आली तरी चालीन."

पलीकडे काहीच आवाज नाही... मागून 'टक्' ऐकू आल्यासारखं वाटलं. मी वळून पाहिलं नाही. पाच सेकंद गेले, नऊ गेले. जन्मात पहिल्यांदा मी समोरच्याच्या बोलण्याची वाट बघत गप्प बसलो होतो.